एका सेंटिमीटरचा पूर

वीर धरणातून विसर्ग वाढवला, नदीतल्या मोटारी काढून घ्या. सोमेश्वरनगर, निंबूत, मुरूम या नीराकाठच्या गावांना पावसाळ्यातला हा निरोप पाठ असतो. सोबत क्युसेकचा आकडा असतो, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय ते. दरवाजा किती उचलला आणि त्यामागे पाणी किती उंच आहे, एवढं कळलं की हा आकडा सूत्रातून मिळतो. खरी पंचाईत असते ती येव्याची, म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्याची. नदीबरोबरच शंभर ओढे धरणात उतरत असतात. ते सगळे कोण मोजणार?

म्हणून हिशेब उलटा करतात. तासाभरात पातळी किती चढली, त्यावरून साठा किती वाढला हे तक्त्यात पाहायचं. त्यात सोडलेलं पाणी मिळवलं की येवा निघतो.

आता माढा तालुक्यातलं उजनी धरण घ्या. त्याचा मृतसाठा ४९१.०३ मीटरवर संपतो आणि ४९६.८३ मीटरला धरण भरतं. मधल्या ५.८ मीटरमध्ये ५३.५७ टीएमसी, म्हणजे तितकेच अब्ज घनफूट, पाणी मावतं. म्हणजे सरासरी एका सेंटिमीटरला सव्वानऊ कोटी घनफूट! तासाच्या हिशेबात पातळी एका सेंटिमीटरने चुकली, तर येव्यात पंचवीस हजार क्युसेकचा पूर नुसता कागदावर येतो किंवा कागदावरून नाहीसा होतो. वादळी वाऱ्यात लाटा किती उसळतात ते भिगवणच्या मच्छीमारांना विचारा. म्हणूनच पातळी मोजायची ती मापन विहिरीत, आणि तिला तलाव जोडायचा तो बारीक छिद्रातून, म्हणजे लाट आत शिरत नाही. रडारचा संवेदक पाण्याला न शिवता पातळी घेतो, पण त्याचंही एका वाचनावर भागत नाही. अनेक वाचनांची सरासरी काढावी लागते. आणि तक्ताही कायमचा खरा राहत नाही. गाळ साठला की त्याच पातळीला प्रत्यक्षात पाणी कमी असतं.

पण येवा कळला तरी तो आलेल्या पाण्याचा. येणाऱ्या पाण्यासाठी संगणकीय प्रतिमान लागतं. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या 'माइक ११' प्रणालीवर असं प्रतिमान उभारलं. पाऊस आणि पातळीची स्वयंचलित केंद्रं त्याला आकडे पुरवतात. पडलेल्या पावसातलं किती जमिनीत मुरेल, किती वाहील आणि वाहिलेलं कुठे कधी पोचेल, हे ते मांडतं. जूनमधला पहिला पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते. तेवढाच पाऊस ऑक्टोबरात झाला तर बराचसा ओढ्याला लागतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये नेमकं तेच झालं. काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेलं अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणा, कर्नाटक ओलांडून १४ तारखेला आपल्याकडे पोचलं. उजनी भरलेलं, जमीन भिजलेली. एरवी उजनीकडे येणाऱ्या पाण्याची चाहूल दौंडच्या मापनावरून लागते. पण दौंडच्या खाली पडलेला पाऊस दौंडला दिसणार कसा?

वीरची गोष्ट आणखी तंग आहे. त्याची क्षमता सुमारे ९.४ टीएमसी. एक लाख क्युसेकचा येवा दिवसभर टिकला तर ८.६४ टीएमसी होतात, म्हणजे जवळपास अख्खं वीर. असं धरण पूर पोटात घेऊ शकत नाही. वरच्या भाटघर, नीरा देवघर, गुंजवणीच्या पाणलोटातल्या पावसावरूनच आधी जागा करावी लागते. तीही बेतानं, कारण नीरा नरसिंहपूरला वीर आणि उजनी या दोन्हींचं पाणी एकत्र येतं आणि पंढरपूरकडे निघतं. दोन्ही लोंढे एकाच तासाला संगमावर पोचू नयेत, इतपत वेळ साधणं हेच तिथलं पूरनियंत्रण.

एवढी गणितं होत असताना गावाला मात्र अजून क्युसेकच कळवले जातात. मोटार काढायला निघालेल्या माणसाला हवं असतं ते वेगळं: आपल्या बंधाऱ्यावर पाणी किती वाजता आणि किती फूट चढेल. हे दोन आकडे प्रतिमानातून निघू शकतात. ते त्याच निरोपात लिहून पाठवावेत.