मज्जातंतूचा आघात आणि श्वान पेशींची मुदत

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याने वा यंत्राच्या पात्याने हात कापलेला कामगार आपल्यापैकी कोणास अपरिचित नाही. टाके पडतात, जखम भरते. आणि काही आठवड्यांनी करंगळी बधिर व पकड ढिली झाल्याची तक्रार घेऊन तो पालघर-बोईसरच्या वैद्याकडे, किंवा थेट औषधी दुकानात तेल मागण्यास येतो. वातव्याधी म्हणून अभ्यंग सुरू होतो. या विलंबात मज्जातंतूच्या आत काय घडत असते, ते येथे मांडावयाचे आहे.

अक्षतंतू तुटला की तुटीपुढील भाग नष्ट होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये दाखविले. त्याला वेष्टून असणाऱ्या श्वान पेशी मात्र तग धरून राहतात. अक्षतंतूचा संपर्क सुटताच त्यांच्यात ईआरके ही संदेशशृंखला जागृत होते व सी-जून हे प्रथिन वाढते. मायलिन घडविणारी जनुके मंदावतात आणि पेशी दुरुस्तीच्या कामी लागते. ती स्वतःचेच मायलिन मोडते, सफाईसाठी भक्षकपेशींना बोलावते, वृद्धिकारक द्रव्ये स्रवते आणि लांबट होऊन रांग धरते. नवा अंकुर याच रांगेतून सरकतो. ज्या उंदरांच्या श्वान पेशींत सी-जून नव्हते त्यांच्यात पुनर्जनन खुंटले, असे २०१२ च्या संशोधनात आढळले.

ही अवस्था टिकाऊ नाही. अक्षतंतू बराच काळ पोहोचला नाही, तर सी-जून ओसरते. अंकुराची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. सुश्रुतांनी कूर्पर हे वैकल्यकर मर्म मानून त्याच्या आघाताने कुणित्व सांगितले आहे. तेथूनच जाणारा अल्नर मज्जातंतू कापला गेल्यास, तत्काळ जोडूनही अंकुराला तळहाताच्या लहान स्नायूंपर्यंत पोहोचण्यास दहा महिने तरी लागतात. तोवर ते स्नायू क्षीण होत असतात. तेलात घालविलेले तीन महिने या हिशेबात मोठे ठरतात.

केवळ दाबाने दुखावलेला मज्जातंतू पुष्कळदा आपोआप सावरतो, कापलेला नाही. म्हणून बधिर बोट दिसताच जखम कोठे व केव्हा झाली, हे विचारावे, दुकानदारांनीही विचारावे. डोळे मिटवून कापसाचा स्पर्श तपासावा, बोटे फाकवून पाहावीत. शंका आल्यास रुग्णास त्याच आठवड्यात हस्तशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. अभ्यंगाचे स्थान त्यानंतरचे. तेलाने तुटलेली नस जुळते, असे तर कोणीही सांगू नये. बधिर त्वचेवर स्वेदन करताना उष्णतेची परीक्षा वैद्याने आपल्या हातावर करावी, कारण चटका बसला तरी रुग्णास तो कळत नाही.