खताच्या लोखंडाची पैमाष

शेताची किंमत एकूण क्षेत्रावरून ठरवूं नये, पोटखराबा वजा जातां पिकाखालीं काय राहतें तें पाहावें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. युरियाच्या पोत्यामागेंही असाच हिशेब आहे. ट्रॉम्बे व थळ येथील कारखान्यांत हवेंतील नत्र हायड्रोजनशीं जोडून प्रथम अमोनिया करतात. ही जोडणी लोखंडाच्या कणांच्या पृष्ठावर होते. स्वतः खर्ची न पडतां क्रिया घडविणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

निव्वळ लोखंडाचे कण उष्णतेनें लवकरच एकमेकांस चिकटतात. म्हणून त्यांत अॅल्युमिनियमचें ऑक्साइड थोडें घालतात; तें बांधाप्रमाणें कणांस वेगळें धरतें. पोटॅशियमचें ऑक्साइड क्रियेस जोर देतें. पण बांधही जागा अडवितो, आणि किती अडविली हें तराजू सांगूं शकत नाहीं.

ही मोजणी वायूनें होते. उत्प्रेरक निर्वात नळींत उणें १९६ अंशांपर्यंत गार करून त्यावर नत्रवायू मापून सोडतात. वायूचे रेणू पृष्ठावर बसतात. मात्र एक थर पुरा होण्यापूर्वींच दुसरा चढूं लागतो. पहिल्या थराचा वायू वेगळा काढण्याचें गणित ब्रुनॉअर, एमेट व टेलर यांनीं १९३८ सालीं मांडलें. पैकीं पहिल्या दोघांनीं अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या नत्र-प्रयोगशाळेंत या कामास हात घातला होता, हें आम्हांस विशेष वाटतें. पहिल्या थरांत १ घनसेंटिमीटर वायू भरला, तर पृष्ठ सुमारें ४.३५ चौरस मीटर धरावें. या मापानें चांगल्या उत्प्रेरकाच्या १० ग्रॅमांत एक गुंठा क्षेत्र सहज निघतें. वाचकांनीं आकडा पुन्हां वाचावा, चूक नाहीं.

मग पोटखराबा. कार्बन मोनॉक्साइड उघड्या लोखंडास घट्ट चिकटतो, ऑक्साइडास नाहीं. तो एकदां भरून नोंद घेतात, उणें ७८ अंशांवर सैल बसलेला उपसून काढतात व पुन्हां भरतात. दुसऱ्या वेळीं जितका कमी मावला, तितका घट्ट चिकटलेला. पोटॅशच्या भागासाठीं कार्बन डायऑक्साइड वापरतात. कांहीं नमुन्यांत असें आढळलें कीं, वजनांत शेकडा दोन-तीन असलेलीं ऑक्साइडें पृष्ठाचा निम्म्याच्या आसपास भाग व्यापून बसलीं आहेत! मोनॉक्साइडचा एक रेणू लोखंडाचा एकच अणु धरतो असें मानून हा हिशेब करतात, पण तसें नेहमींच घडत नाहीं. यास्तव हा आकडा मोजणीचा नव्हे, आणेवारीचा समजावा.

तरी तो उपयोगाचा आहे. कारखान्याचें उत्पादन घटलें आणि उत्प्रेरकाचें एकूण क्षेत्रही घटलेलें दिसलें, तर उष्णतेनें कण जुळले असें ठरतें. क्षेत्र तेवढेंच असून मोनॉक्साइड कमी चिकटत असेल, तर गंधकासारख्या विषानें लोखंड झांकलें असावें.