परसातील फळझाडे आणि परागण

पेणजवळील रामवाडीसारख्या वस्तीत परसबाग म्हणजे एखादा हापूस, एक-दोन रातांबे, थोड्या पपया आणि नारळ. फळ धरत नाही अशी तक्रार उद्भवली की प्रथम खतपाण्याचा विचार होतो, परागणाचा क्वचितच. वस्तुतः झाडे मोजकी असतात तेथेच हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

रातांब्याचेच उदाहरण घेऊ. हा वृक्ष बहुधा विभक्तलिंगी आहे. नरफुले झुबक्यांनी येतात व त्यांत पुष्कळ केसर असतात. मादीफुले बहुधा एकेकटी, फुगीर किंजपुटाची असून त्यांतील केसर वंध्य असतात. बियांपासून वाढविलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात, आणि हे कळण्यास सात-आठ वर्षे लागतात. मग ‘वांझ’ ठरलेले झाड तोडले जाते. परंतु आसपास तेवढेच एक नरझाड असेल, तर त्याबरोबर शेजारच्या मादीझाडांचे फळही घटते. याउलट, केवळ मादीझाडाची कलमे लावणाऱ्यासही नराची उणीव भासू शकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’सारख्या जातीची कलमे लावताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. विभक्तलिंगी पपईसही हाच न्याय लागू पडतो.

आंब्याची गोष्ट निराळी. त्याच्या एकाच मोहोरात नर व द्विलिंगी अशी दोन्ही फुले असतात. तरी द्विलिंगी फुलांपैकी शेकडा एकाहूनही कमी फुलांची पक्व फळे होतात. दशहरी, लंगडा या उत्तरेकडील जातींत आत्मवंध्यता आढळली आहे. हापूसजवळ केसर किंवा रत्ना यांसारखी अन्य जात असणे हितावह मानतात, ते परपरागणासाठीच. परागवहनाचे काम मुख्यतः माश्या व लहान मधमाश्या करतात. तुडतुड्यांसाठी ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारल्यास हे साहाय्यकही नष्ट होतात. म्हणून फवारणी शक्यतो मोहोर उमलण्यापूर्वी उरकावी.

जागा अपुरी असल्यास रातांब्याच्या मादीझाडावर नरझाडाची एखादी फांदी कलम करण्याचा मार्ग मोकळा आहे. तथापि पराग व कीटक कुंपण जाणत नाहीत. म्हणून परसबागेचा अभ्यास करताना एक घर हे परिमाण अपुरे पडते. संपूर्ण वाडी हेच एकक धरावे, आणि ‘वांझ’ झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वी त्याची फुले उघडून पाहावीत.