चार्जिंगचा लाल दिवा: डॅशबोर्ड बदलताना

आजचा विषय आहे एक बल्ब. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड बदलताना सगळ्यांचं लक्ष स्पीडोमीटरकडे आणि पॉलिशकडे असतं. चार्जिंगच्या लाल दिव्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

माझ्याकडे वडिलांची फियाट 1100 डी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात 1970 साली बनलेली. पन्नाशी ओलांडल्यामुळे 2021च्या केंद्रीय नियमांखाली ती विंटेज म्हणून नोंदली आहे; रोज फिरवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. मागच्या हिवाळ्यात तिचं तडकलेलं पॅनल काढून नवं बसवून घेतलं, सगळे दिवे एलईडीचे. रॅलीहून द्वारकेला परतताना रात्री धौला कुआंच्या गर्दीत हेडलाइट पिवळे पडले, हॉर्न घोगरा झाला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागून बसगाड्या येत होत्या, शेजारी आमच्या सौ. बसल्या होत्या. आणि लाल दिवा? शेवटपर्यंत विझलेला. पॅनलच्या मते सगळं ठीक होतं.

आता कारण बघू. या दिव्याला दोन टोकं. एक इग्निशनच्या तारेला, म्हणजे चावी फिरवल्यावर वीज येते तिथे. दुसरं अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला. काही अल्टरनेटरवर तिथे एल किंवा 61 लिहिलेलं असतं. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, की बॅटरीची वीज दिव्यातून अल्टरनेटरच्या आतल्या गुंडाळीत जाते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन चार्जिंग व्हायला लागलं की दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, वीज वाहायची थांबते, दिवा विझतो.

गंमत पुढे आहे. दिव्यातून जाणारा तो छोटासा प्रवाहच अल्टरनेटरला जागं करतो. साधा 2.2 वॅटचा बल्ब जवळजवळ 0.18 अँपियर देतो, तेवढं पुरतं. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच देतो. शिवाय एलईडी एकाच दिशेने पेटतो, आणि माझा तर उलटा जोडला होता! त्यामुळे जागं करणारा प्रवाह नाही आणि धोक्याची खूणही नाही. जोरात रेस केली तर अल्टरनेटर कधी कधी आपणहून जागा होतो, पण गर्दीत रांगणाऱ्या गाडीला तेवढी रेस कुठली मिळायला?

ज्यांच्या गाडीत मूळचा डायनॅमो आहे त्यांनी घाबरू नये. तिथे दिवा फक्त खूण करतो; तो उडाला तरी चार्जिंग चालू राहतं.

अल्टरनेटरवाल्यांसाठी सोपा उपाय म्हणजे त्या एका जागी एलईडी न लावता 2.2 वॅटचा बल्बच ठेवणे. एलईडीच हवा असेल तर सरळ जोडा आणि त्याच्या दोन टोकांना समांतर 68 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर लावा. चावी चालू आणि इंजिन बंद असताना तो चांगला तापतो, म्हणून प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला टेकू देऊ नका. होल्डर बघून घ्या: काही होल्डरचं एक टोक पॅनलच्या पत्र्यातून अर्थ होतं. तसा होल्डर इथे चालत नाही. दिवा उलटा वागतो, चार्जिंग होत असतानाच पेटतो. आणि दिव्याऐवजी नुसती तार जोडण्याचा शहाणपणा करू नका. मग अल्टरनेटरची वीज उलटी इग्निशनकडे येते आणि चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहू शकतं.

तपासायचं कसं? इंजिन बंद ठेवून चावी चालू करा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर डी प्लसची तार अल्टरनेटरवरून काढून क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. आता लागला तर दोष अल्टरनेटरकडे, नाही लागला तर पॅनलकडे. मग तार परत जोडून इंजिन सुरू करा आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावा: आधी 12.6 व्होल्टच्या आसपास असेल, तर आता 13.8 ते 14.4 दिसायला हवेत.

फौजेत गाडी हलवण्याआधी 'फर्स्ट परेड' असते. तेल, पाणी, दिवे बघितल्याशिवाय ड्रायव्हर निघत नाही. कितीतरी जवानांना मी त्यावरून झापलं असेल. त्या रात्री टो-ट्रकची वाट बघताना सौ.नी नेमकी तीच आठवण काढली.