वसईच्या कोर्टातला न्यायाधीश येतो कुठून?

वसई-विरारचा मतदार निवडणुकांना सरावलेला आहे. महापालिकेचे 115 नगरसेवक तो निवडतो, आमदार-खासदार निवडतो, आणि अर्नाळ्यासारख्या अजून ग्रामपंचायत असलेल्या गावात राहत असेल तर सरपंचही निवडतो. पण जागेचा दावा असो, न वटलेला चेक असो की पोटगी, वसईच्या कोर्टात ज्यांच्यापुढे त्याची केस उभी राहते ते न्यायाधीश कुणी नेमले, ते कुठून आले आणि पुढे कुठे जाणार, हे वर्षानुवर्षं तारखांना जाणाऱ्या पक्षकारालाही सहसा सांगता येत नाही. ती वाट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात मतपेटी कुठेच येत नाही.

जगात सगळीकडे असं नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात 254 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा ‘काउंटी जज’ लोक चार वर्षांसाठी निवडून देतात. तो पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, देणग्या गोळा करतो, रस्त्याकडेला आपल्या नावाच्या पाट्या लावतो. 2018 मध्ये ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीत केरळमध्ये जन्मलेले के. पी. जॉर्ज असेच निवडून आले. या पदासाठी कायद्याची पदवी लागतेच असं नाही. कायद्याची चांगली जाण असावी, एवढंच तिथलं राज्य संविधान म्हणतं. काउंटी जज पाच जणांच्या मंडळाचा प्रमुख असतो. काउंटीचं अंदाजपत्रक, रस्ते आणि वादळाच्या वेळी गावं रिकामी करण्याचे आदेश ही त्याची कामं, आणि लहान काउंट्यांत तो खटलेही ऐकतो. आपल्या हिशेबाने तो महापौर आणि जिल्हाधिकारी यांच्या मधला माणूस. मात्र त्याच टेक्सासमध्ये खून-दरोड्याचे खटले चालवणारे न्यायाधीशही मतं मागूनच येतात.

आपल्याकडेही याचा एक छोटा प्रयोग झाला होता. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. गावांनी निवडलेले पंच किरकोळ दिवाणी आणि फौजदारी तंटे ऐकत. गावातली भावकी आणि गटबाजी न्यायाच्या ओट्यावर येऊन बसायला वेळ लागत नाही. सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने ही व्यवस्था बंद केली.

मग न्यायाधीश होतो कसा? सुरुवात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपासून. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असं त्या पदाचं लांबलचक नाव; कोर्टाच्या आवारात सगळे जेएमएफसी म्हणतात. पूर्वपरीक्षा 100 गुणांची, मुख्य परीक्षेत 100 गुणांचे दोन पेपर, मग 50 गुणांची मुलाखत. मराठी चांगलं यावं लागतं, कारण साक्षीदार मराठीत बोलतो आणि पोलिसांचा पंचनामाही मराठीत असतो. नेमणूक राज्यपालांच्या नावाने निघते, पण संविधानाच्या 234 व्या अनुच्छेदानुसार त्यासाठी आयोग आणि उच्च न्यायालय या दोघांशी सल्लामसलत करून केलेल्या नियमांप्रमाणेच जावं लागतं. मंत्री किंवा आमदार यांना या साखळीत जागा नाही.

मध्यंतरी बरीच वर्षं कायद्याची पदवी हातात पडताच मुलं ही परीक्षा देऊ शकत. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. मला हा निर्णय पटतो. बेलीफ समन्स बजावायला गेला की दारं कशी बंद होतात, तारीख वाढली की नालासोपाऱ्याहून रोजंदारी बुडवून आलेल्या बाईचं काय होतं, हे बारमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्याची किंमतही आहे. ज्युनिअर वकिलाला सीनिअरकडून मिळणाऱ्या पैशांत तीन वर्षं काढणं साध्या घरातल्या मुलामुलींना, विशेषतः लग्नाचा तगादा लागलेल्या मुलींना, फार जड जातं. बार असोसिएशननी या काळात विद्यावेतनाची सोय केली, तर ही अट गरिबांच्या मुळावर येणार नाही.

निवड झाली की प्रशिक्षण. राज्यभरातले नवे न्यायाधीश ज्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत शिकतात ती वसईकरांच्या अगदी शेजारी, उत्तनला आहे. किल्ल्यावरून खाडीपलीकडे भाईंदर दिसतं, फेब्रुवारी 2024 पासून तिथे रो-रोने जाता येतं, आणि तिथून पश्चिमेला उत्तन. निकालपत्र कसं लिहायचं, साक्ष कशी नोंदवायची, रिमांडचा अर्ज समोर आला तर काय तपासायचं, हे सगळं तिथे शिकवलं जातं.

पहिली नेमणूक होते आणि खरं काम सुरू होतं. सकाळी अकराच्या सुमारास कोर्ट बसतं. दाराजवळ लावलेल्या यादीला ‘बोर्ड’ म्हणतात. त्या दिवशी कोणत्या केसेस आहेत ते त्यावर असतं. पुकारा होतो, पक्षकार पुढे येतात, आणि त्या तारखेला जे घडलं ते रोजनाम्यात उतरतं: साक्षीदार गैरहजर, प्रतिवादीने मुदत मागितली, मुदत मंजूर, खर्च अमुक. हा रोजनामा फार मोलाचा कागद आहे. केस नेमकी कुणामुळे रेंगाळली, हे पुढे त्यावरूनच सिद्ध होतं. त्याच कोर्टात पोलिस आरोपींना आणतात. अटकेपासून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायलाच हवं, मग रविवार असो की दिवाळी. त्यासाठी सुट्टीचं कोर्ट असतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. दिवाणीत कनिष्ठ स्तराची मर्यादा पाच लाखांच्या दाव्यापर्यंत, त्यापुढचे दावे वरिष्ठ स्तराकडे. त्याच्यावर जिल्हा न्यायाधीश, जे खुनासारखे खटले सत्र न्यायाधीश म्हणून चालवतात. या पदावर बढतीने जाता येतं, तसंच सात वर्षं वकिली केलेल्यांना थेट परीक्षेनेही. ऑक्टोबर 2025 मध्ये घटनापीठाने ही थेट वाट सेवेतल्या न्यायाधीशांनाही खुली केली; त्यांची आधीची वकिली आणि नंतरची सेवा मिळून सात वर्षं भरली की पुरे.

साधारण तीन वर्षांनी बदली होते. ती उच्च न्यायालय करतं, सरकार नव्हे. 235 व्या अनुच्छेदाने खालच्या सगळ्या न्यायालयांचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. जिल्ह्यासाठी एक पालक न्यायमूर्ती असतात. गोपनीय अहवाल लिहिले जातात, निकालांचा दर्जा आणि निकाली काढलेल्या केसेसची संख्या पाहिली जाते. निकाल चुकला असं वाटलं तर पक्षकाराने अपील करायचं. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात जाण्याची मुदत 30 दिवस. वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्ती. या सगळ्या काळात न्यायाधीशाला मतदान करता येतं, प्रचार करता येत नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी 1997 मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत तर एखाद्या क्लबची किंवा संस्थेची निवडणूकही लढवू नये असं म्हटलं आहे.

न्यायासन सोडून मतदारांपुढे गेलेले लोक आहेत. महाराष्ट्रातलं ठळक नाव हरी रामचंद्र गोखले यांचं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद साठच्या दशकात सोडून ते वकिलीत परतले. 1971 मध्ये काँग्रेसतर्फे मुंबई वायव्य मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात कायदामंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत 1973 मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजित नाथ राय सरन्यायाधीश झाले आणि पुढे आणीबाणी आली. 1977 मध्ये त्याच मतदारसंघात राम जेठमलानींनी त्यांचा पराभव केला. अलीकडचं उदाहरण कलकत्ता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय यांचं. मार्च 2024 मध्ये राजीनामा, दोन दिवसांत भाजप प्रवेश, जूनमध्ये खासदार. राजीनामा आणि उमेदवारी यांत काही वर्षांचं अंतर हवं, असा कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आज लिहिलेल्या निकालामागे उद्याचं तिकीट होतं का, ही शंका पक्षकाराच्या मनात येणंसुद्धा वाईट.

न्यायाधीशाला मतदारसंघ नसण्याचं मोल कळायला नालासोपारा पूर्वेकडे पाहावं. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. हजारो माणसं तिथे राहायला आली; त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्याची पुंजी घालून, कागद खरे समजून घरं घेतली होती. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडकाम झालं. त्या कुटुंबांचं दुःख खरं आहे, आणि त्यांना फसवणाऱ्यांना पुरती शिक्षा व्हावी. पण एवढ्या मतदारांच्या पुढ्यात पुढच्या निवडणुकीला उभा राहणारा न्यायाधीश असा आदेश लिहू शकला असता का? ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळून 17 जण गेले. लोकप्रिय नसलेला आदेश वेळेवर निघणं किती गरजेचं असतं, हे या शहराने पाहिलं आहे.

व्यवस्थेचं दुखणं वेगळ्या जागी आहे. दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितलं. देश अजून त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचलेला नाही. 2011 च्या जनगणनेतच बारा लाखांपलीकडे गेलेल्या आपल्या शहराने नव्या रेल्वेगाड्या आणि पाणी मागितलं तसं जादा कोर्टांसाठीही आग्रह धरायला हवा. त्या पदांना मंजुरी आणि इमारतींना पैसा देणं राज्य सरकारच्या हातात आहे, आणि सरकार आपल्या मतांवर चालतं.

निवडणुकीचा वादही शेवटी याच न निवडलेल्या माणसापुढे जातो. साडेपाच वर्षं प्रशासकाच्या हाती राहिलेल्या वसई-विरार महापालिकेसाठी 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. अशा निवडणुकीत नगरसेवकाच्या निवडीला आव्हान द्यायचं तर महापालिका कायद्याच्या कलम 16 खाली वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे दहा दिवसांच्या आत जावं लागतं. ग्रामपंचायत सदस्याच्या निवडीसाठी दिवाणी न्यायाधीशाकडे 15 दिवस, आमदाराच्या निवडीसाठी उच्च न्यायालयात 45 दिवस. मोजणीच्या रात्री तक्रार असेल तर घोषणा आणि मोर्चे नंतर करा. आधी मोजणी केंद्रातले कागद जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकील गाठा.