निवाडा झाला, मग दडवलेला कागद सापडला

खापरखेड्यात औष्णिक वीज केंद्राच्या कामांवर अनेक लहान ठेकेदार, वाहतूकदार आणि माल पुरवणारे अवलंबून आहेत. ठेक्याच्या करारनाम्यात एक अट बहुधा असतेच, आणि आम्हा कापडवाल्यांच्या छापील बिलांवरही ती दिसते : वाद झाल्यास तो लवादाकडे जाईल. लवाद म्हणजे आपला सालिस. त्याचा निवाडा विरुद्ध गेला आणि मागाहून कळले की समोरच्याने अस्सल पावत्या किंवा खातेवही दडवली होती, तर काय करावे?

1996 च्या लवाद व समेट कायद्याच्या कलम 34 खाली निवाडा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मात्र हे अपील नव्हे. न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. फसवणुकीने किंवा लाचलुचपतीने मिळवलेला निवाडा मात्र सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरतो, आणि कागद दडवल्याची तक्रार येथेच बसते.

याचे मोठे उदाहरण सत्यम कॉम्प्युटर्सचे आहे. अमेरिकेच्या व्हेंचर ग्लोबल कंपनीशी तिची भागीदारी होती. 2006 मध्ये लवादाने व्हेंचरला आपले शेअर सत्यमला देण्यास सांगितले. व्हेंचर न्यायालयात गेली. पुढे 7 जानेवारी 2009 रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. तेव्हा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दडवलेली आणि नंतर उघड झालेली माहिती चालू अर्जात मांडता येते, मात्र तिचा निवाड्याशी संबंध असला पाहिजे. तरीही 2017 मध्ये याच प्रकरणात दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. एकाने निवाडा कायम ठेवला, दुसऱ्याने रद्द ठरवला.

यावरून व्यापारी बांधवांनी ओळखावे की नुसता नवा कागद सापडून भागत नाही. तो समोरच्याने जाणूनबुजून दडवला, आपण खटपट करूनही तो वेळेत मिळाला नाही आणि तो असता तर निवाड्यावर परिणाम झाला असता, या तिन्ही गोष्टी दाखवण्याची तयारी हवी.

मुदत कडक आहे. निवाड्याची सहीची प्रत हाती आल्यापासून 3 महिने, आणि सबळ कारण असल्यास आणखी 30 दिवस. त्यानंतर दार बंद. करारात लवादाचे स्थान मुंबई लिहिले असेल, तर खापरखेड्याच्या माणसालाही मुंबईच्याच न्यायालयात जावे लागते. नुसत्या अर्जाने वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि न्यायालय रक्कम भरायला सांगू शकते. निवाडा फसवणुकीने झाल्याचे सकृद्दर्शनी दिसले, तर 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे स्थगिती बिनशर्त मिळते.

म्हणून खरी लढाई लवादापुढेच लढावी. कोणते कागद हवेत ते तारखेसह लेखी मागावे. समोरचा देत नसेल तर ते नोंदवून घ्यावे. लवादाच्या संमतीने कलम 27 खाली पुरावा मिळवण्यासाठी न्यायालयाची मदत घेता येते. ही मागणी नोंदीत नसेल, तर पुढे तुमच्या तक्रारीला जोर राहत नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत आणि साक्ष लपवू नये, ही सूरा बकरामधील ताकीद आपल्याला ठाऊक आहे. चलन, पोचपावती, वाहतुकीची बिल्टी आणि बँकेचा उतारा यांची एक प्रत आपल्या कपाटात असली, की समोरच्याने त्याच्याकडची दडवली तरी आपले अडत नाही.