इंग्रजी वाक्यातली चूक कशी शोधावी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याची उमेद धरणारी मुले आज खेडोपाडी आहेत. 2022 पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला. गणिताची तयारी ही मुले गुरुजींजवळ बसून करतात. धास्ती असते ती इंग्रजीची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेत सामान्य क्षमता चाचणी 600 गुणांची, आणि त्यांतले 200 गुण इंग्रजीचे. त्यात एक प्रश्न असा येतो: वाक्याचे तीन तुकडे पाडलेले असतात, त्यांतल्या कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचे. चौथा पर्याय असतो 'चूक नाही' हा.

शिकवणीवर्गात सांगतात, "वाक्य मनात म्हणून पाहा. कानाला खटकेल ते चूक." ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात त्याला हे ठीक आहे हो! पण ज्याने इंग्रजी फळ्यावरच पाहिली, त्याच्या कानाला खटकणार काय? त्याने कानावर विसंबू नये, कारण शोधावे. आणि त्या कामी त्याची मराठीच त्याला हात देते.

हे वाक्य बघा: 'द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन द मार्केट वेअर पुअर.' ऐकायला कसे गोड लागते! मँगोज अनेक, म्हणून 'वेअर'. आता याची मराठी करा. बाजारात विकलेल्या आंब्यांची प्रत हलकी होती. हलकी काय होती? प्रत. 'आंब्यांची प्रत हलके होते' असे आपल्याकडचे शेंबडे पोरही म्हणणार नाही. कारण मराठीत मुख्य नाम शेवटी, क्रियापदाजवळ येते. इंग्रजीत ते आधी येऊन बसते, आणि मध्ये 'ऑफ'ने जोडलेला लटांबळा घुसतो. परीक्षक नेमका तिथेच दबा धरून बसलेला असतो. म्हणून आधी क्रियापद शोधा, त्याचा धनी शोधा, मधले शब्द पेन्सिलीने खोडा. 'क्वालिटी वॉज.' संपले काम. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'चेही तसेच; मित्र कितीही असोत, बोलणे एकाविषयीच आहे.

पण मराठी दगाही देते, तेही सांगितले पाहिजे. 'मी या गावात 2015 पासून राहतो आहे' हे आपले निर्दोष वाक्य. त्यावरून मुलगा लिहितो, 'आय ॲम लिव्हिंग इन दिस व्हिलेज सिन्स 2015', आणि फसतो. मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' हवे. तेव्हा 'सिन्स' दिसला की क्रियापदाकडे वळून पाहायचेच. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' घालावासा वाटतो, तो नको. 'माझ्यापेक्षा ज्येष्ठ' म्हणून 'सीनियर दॅन' लिहितात. तिथे 'टू' हवा. फर्निचर, इन्फर्मेशन यांचे अनेकवचन नाही. असले शब्द थोडे आहेत, ते सरळ पाठ करावेत.

सर्वांत फसवे वाक्य वेगळेच. 'वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम.' मराठीत आपण खुशाल म्हणतो, 'रस्त्याने चालताना त्याला साप चावला.' चालणारा कोण हे 'त्याला'वरून आपल्याला कळते, कोणी हसत नाही. इंग्रजीत मात्र सुरुवातीच्या 'वॉकिंग'चा कर्ता तोच धरतात, जो मुख्य वाक्याचा कर्ता. म्हणजे रस्त्याने चालत होता साप! नियमाने चुकलेले, पण शब्दशः मराठी केली तर अगदी ठाकठीक वाटणारे. म्हणून वाक्य असल्या शब्दाने सुरू झाले की, स्वल्पविरामानंतर येणारे पहिले नाम पाहावे आणि विचारावे: हे काम यानेच केले काय?

आता थोडा हिशेब. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकल्यास त्याचा एकतृतीयांश, म्हणजे 1.33 गुण जातो. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले, तर सरासरीने हाती शून्य. पण दोन पर्याय कारण देऊन बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून निवडण्यात सरासरी 1.33 गुणांचा फायदाच आहे. तिथे भिऊन प्रश्न सोडू नये.

राहिला 'चूक नाही' हा पर्याय. मुलांना वाटते, प्रश्न विचारला म्हणजे चूक असणारच. मग ती धडधाकट वाक्यात रोग शोधीत बसतात. शिक्षकांनी सरावाला दहा वाक्ये दिली, तर त्यांत तीनचार मुद्दाम निर्दोष घालावीत, आणि नुसता तुकड्याचा क्रमांक सांगणाऱ्याला गुण देऊ नयेत. चूक का, हे मुलाने मराठीत, मोठ्याने सांगावे. कारण सांगता येत नसेल, तर बहुधा त्या तुकड्यात चूक नसतेच.